सीलबंद त्रिवेणी

नाही, मला एक सांगा, माझं नेमकं कुठे चुकलं? तीन वर्षं... तीन वर्षं मी या घरात कंठशोष करून सांगतोय की डबा उघडायचा नाही! बायकोला सांगितलं, कामाच्या अक्कांना सांगितलं, झुरळांचं औषध मारायला आलेल्या माणसाला सांगितलं, त्याला मराठी येईना, मला कानडी येईना, शेवटी हातवारे करून सांगितलं, आणि तुम्हाला सांगतो, अख्ख्या बंगळुरूत तो एकच माणूस निघाला ज्याला ते कळलं! बाकी सगळे... जाऊ दे. म्हणजे जाऊ कसं दे? बसा हो, ऐकाच तुम्ही!

तर मी नंदू. मूळचा पुण्याचा, नोकरी इथे बंगळुरूत, महादेवपुऱ्यात, आणि छंद म्हणाल तर जुने कॉम्प्युटर. हसा, हसा, सगळेच हसतात. आणि जुने म्हणजे तुमच्या ऑफिसात टेबलाखाली पाय ठेवायला वापरतात ते नव्हेत हो! चाळीस वर्षांपूर्वीचे, घरच्या टीव्हीला जोडायचे, ज्यांच्यात आज सकाळी तुमच्या काकांनी पाठवलेलं एक 'शुभ सकाळ'सुद्धा मावणार नाही, ते! इंटरनेटवर लिलाव चालतात त्यांचे. जगभरची शहाणीसुरती माणसं तिथे एकमेकांवर चढून बोली लावतात, आणि त्या लिलावाचा एकच नियम आहे. कॉम्प्युटर बंद पडलेला असला तर त्याची किंमत चहापाण्याची. चालू असला तर जेवणाची. आणि सीलबंद असला, म्हणजे कारखान्यातून निघाल्यापासून आजवर कुणी डबा उघडलेलाच नसला, तर मग लग्नाची!

माझी आई फोनवर विचारते, "अरे नंदू, पण तो चालतो का?" आई, तो चालतो का ते बघायला डबा उघडावा लागेल. "मग उघड की!" उघडला की तो सीलबंद राहणार नाही ना आई! "म्हणजे चालतो की नाही हे तुला माहीतच नाही?" नाही. "आणि कधी कळणारही नाही?" नाही. "आणि तो तू चांगल्या खोलीत ठेवलायस?" हो. "आणि एसी लावून?" हो गं, दमटपणा लागतो ना पुठ्ठ्याला. "आणि सिद्धी कुठे काम करत बसते?" ...डायनिंग टेबलावर. त्यावर आई काही बोलली नाही. आता पुण्याची बाई काही बोलत नाही म्हणजे काय होतं ते पुणेकरांना विचारा.

तर माझ्याकडे होते तीन डबे. त्रिवेणी ८०! नाव ऐकलंय? नसेलच ऐकलं. इथे होसकोट्याला एक छोटा कारखाना होता, त्यांनी शहाऐंशी-सत्त्याऐंशी साली हा कॉम्प्युटर काढला, दोन वर्षांत कारखाना बसला, आणि म्हणून तर त्याला महत्त्व! तिन्ही डबे मी लिलावात भांडून मिळवले. वर निळी त्रिवेणी छापलेली, झाकणावर कागदाची पट्टी, पट्टीवर कारखान्याचा शिक्का, शिक्का अखंड! आमच्या जुन्या कॉम्प्युटरवाल्यांच्या ग्रुपमधले जाणकार येऊन बघून गेले. एकाने वजन केलं, बरोब्बर! एकाने डबा हलवून बघितला, आवाज नाही! एकाने चक्क वास घेतला आणि डोळे मिटून म्हणाला, "ओरिजिनल." वास घेऊन! आणि मला ते पटलं, बघा.

आता माझी बायको. सिद्धी इथलीच, चामराजपेटची. यांचं घराणं किती पिढ्या बंगळुरूत आहे ते त्यांनासुद्धा माहीत नाही, मराठी घरात बोलतात पण चार शब्दांमागे एक कानडी येतो. वडील नरसिंगराव, म्हणजे आमचे अप्पा, पन्नास वर्षं चामराजपेटेत पुस्तकबांधणीचं दुकान. कोर्टाच्या वह्या, देवळांच्या पोथ्या, कॉलेजच्या थिसिस, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. माणूस शांत, पण नजर! माझे तीन डबे बघायचे, मग माझ्याकडे बघायचे, मग परत डब्यांकडे. एकदा विचारलंन, "जावईबापू, हे काय?" म्हटलं, इन्व्हेस्टमेंट आहे अप्पा. "हो का," एवढंच म्हणाले. त्या 'हो का'ने माझी तीन वर्षं झोप उडवली हो! मला त्या माणसाच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, 'बरं केलंत जावईबापू' ऐकायचं होतं. खोटं कशाला सांगू?

आणि यंदा श्रावणात बातमी आली की चामराजपेटच्या घराचा मालक घर पाडून नवीन बांधणार. झालं! सिद्धी समोर येऊन उभी. "नंदू, अप्पा-अम्मा दसऱ्यानंतर आपल्याकडे राहायला येतील. खोली मोकळी पाहिजे. सरी?" आता हे 'सरी' आहे ना, म्हणजे कानडीत 'बरं', ते चढ्या सुरात म्हटलं तरी प्रश्न नसतो. मी म्हटलं, सरी. दसऱ्याच्या आत तिन्ही डबे लिलावात काढतो आणि खोली मोकळी करून देतो, नाही दिली तर नाव बदलीन! बघा, माणूस भरात काय बोलून जातो.

पहिला डबा लिलावाला ठेवला. आठवडाभर चिटपाखरू फिरकलं नाही. आणि शेवटच्या दिवशी, रविवारी दुपारी, ऐन जेवायच्या वेळी, मी वरणभात कालवलाय, उजवा हात भातात, डाव्या हातात फोन, आणि एकदम बोली चढायला लागली! एक कुणीतरी जर्मनीतला, आणि त्याच्या डोक्यावर सारखा एकच माणूस. नाव काय त्याचं? 'होसकोटे हयवदन'! जर्मन वाढवतोय, हयवदन चढवतोय, जर्मन वाढवतोय, हयवदन चढवतोय, सिद्धी म्हणतेय "अरे भात गार होतोय," मी म्हणतोय होऊ दे, शेवटी जर्मन थकला! डबा हयवदनचा! मी डाव्या हाताने उडी मारली. म्हणजे उडी पायांनीच मारली, पण तुम्हाला कळलं ना!

लगेच त्यांचा फोन. आवाज म्हातारा, आणि काय आश्चर्य, मराठी! त्यांचंही इथलंच जुनं मराठी घराणं. "स्वामी, मी पार्सल बिर्सल मागवणार नाही हं. विजयादशमीला स्वतः येऊन नेतो. एकच विचारतो. कोणी उघडलं नाही ना?" छे हो सर, शिक्का अखंड आहे! "मग चांगला असला तर उरलेले दोन पण बघतो." ऐकलंत? तिन्ही! तिन्ही डबे एका दिवसात जाणार, खोली मोकळी, नाव शाबूत, आणि अप्पांच्या समोर! मी त्या आनंदात अप्पा-अम्मांना नवमीलाच आमच्याकडे बोलावून घेतलं. मुक्कामालाच या म्हटलं. स्वतःच्या पायावर धोंडा मी स्वतः, प्रेमाने, रिक्षा पाठवून आणवला!

आता खंडेनवमी. तुम्ही पुण्या-मुंबईचे असाल तर तुमच्याकडे काय, शस्त्रं पुजायची, झेंडूचं फूल वाहायचं, झालं. बंगळुरूत तसं नाही महाराज! इथे आयुधपूजा म्हणजे जे जे म्हणून यंत्र त्याला त्याला हळदकुंकू. बस, रिक्षा, लिफ्ट, बोअरवेलची मोटर! गाडीच्या चारी चाकांखाली लिंबं ठेवून गाडी त्यांवरून न्यायची, वर कोहळा फोडायचा. सकाळी अप्पा धोतर नेसून तयार. मला म्हणाले, "जावईबापू, खालची वाहनं तुम्ही बघा. वरच्या मशिनी मी बघतो." आणि मी काय म्हणालो? मी, या तोंडाने म्हणालो, "अप्पा, वरचं सगळं तुमच्याकडे. एकही मशीन सोडू नका!"

एकही मशीन सोडू नका! मी म्हणालो हो!

मी खाली. कार, स्कूटर, शेजारच्यांनी हाक मारली म्हणून त्यांचीही कार, लिंबं फुटतायत, कोहळा फुटतोय, कोहळ्यावरून वॉचमन घसरला, त्याला उठवून बसवला, सगळं मिळून अर्धा तास. वर आलो. दारातूनच बघतो, मिक्सरला कुंकू, वॉशिंग मशीनला झेंडूची माळ, माझ्या लॅपटॉपच्या झाकणावर गंधाचे तीन पट्टे, मी म्हटलं वा! पुढे खोलीत गेलो आणि...

पाटावर त्रिवेणीचा डबा. झाकण उघडं. आणि अप्पा-अम्मा दोघं आत डोकावून बघतायत.

माझ्या तोंडून नुसतं "अ... अ..." अप्पा शांतपणे म्हणाले, "या. तुमचीच वाट बघत होतो." अप्पा, डबा! डबा उघडायचा नाही म्हटलं होतं ना! "अय्यो, झाकलेल्या आयुधाची पूजा कशी करायची? खोक्याला कुंकू लावून यंत्राला पोचतं का? आणि फाडलं नाही हं, पन्नास वर्षं कागदातच हात घातलाय, वाफ देऊन पट्टी सोडवली. पण जावईबापू... एनु इदु?" एनु इदु म्हणजे 'हे काय आहे'. मी वाकून बघितलं. आत १९८७ चं कानडी वर्तमानपत्र. वर्तमानपत्रात भाताचा पेंढा. आणि पेंढ्यात, नीट, एकावर एक, दोन मंगळुरी कौलं.

कौलं! छपरावरची! लाल!

तीन वर्षं मी कौलांना एसी लावला!

अम्मा बिचाऱ्या कळवळून म्हणाल्या, "त्या काळचे कॉम्प्युटर असेच असायचे का रे बाबा?" सिद्धी मागे येऊन उभी राहिली, तिने बघितलं, आणि ती हसली नाही. हसली असती तर परवडलं असतं. आणि अप्पा? अप्पांनी कौलांना हळद वाहिली, कुंकू वाहिलं, फूल ठेवलं. म्हटलं अप्पा, अहो कौलाची कसली पूजा? "पाटावर आलंय ते. आता नको कसं म्हणायचं?" आणि आरती झाली. मी टाळ्या वाजवल्या. दोन कौलांसमोर उभा राहून मी टाळ्या वाजवल्या, ऐकताय ना?

आणि मग खरी पंचाईत. उद्या हयवदन येणार! मी डोक्याला हात लावून बसलेलो, तर अप्पा म्हणतात, "एवढंच ना? स्वल्प थांबा." आत गेले, मैद्याची खळ शिजवली, चिमूटभर मोरचूद टाकला, पेंढा होता तसा, कागद होता तसा, कौलं पुसून होती तशी, आणि पट्टी अशी काही बसवली, अशी बसवली, की मी भिंग लावून बघतोय आणि मलाच दिसेना! शिक्क्याची रेघ रेघेला मिळालेली. अप्पा हात पुसत म्हणाले, "माझं काम मी केलं. द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा." म्हणजे बघा! एक रागावला असता, एकाने उपदेश केला असता, यांनी नुसतं 'तुम्ही ठरवा' म्हटलं आणि कॉफी प्यायला गेले. मी दिवसभर हिशेब मांडत बसलो. दिला तर खोली मोकळी, नाव शाबूत. आणि तो डबा मला मिळाला तेव्हा मला तरी कुणी सांगितलं होतं? त्याआधी ज्याच्याकडे होता त्याला कुणी सांगितलं होतं? डबा न उघडता हातोहात फिरत आला, सगळे सुखी होते. पुढेही कुणी उघडणार नाही. मग बिघडलं कुठे? असं मी स्वतःला बारा वेळा सांगितलं. तेराव्यांदा सांगणार तेवढ्यात बेल वाजली, दसऱ्याची सकाळ झाली होती.

दारात हयवदनराव. सत्तरी ओलांडलेली, टोपी, कपाळावर अंगाऱ्याची रेघ, हातात देवळाचा प्रसाद आणि कापडी पिशवी. पिशवीतून काय निघालं? डबा गुंडाळायला स्वच्छ धुतलेली चादर! बसले, पाणीसुद्धा घेईनात. "आधी बघू दे." खिशातून भिंग काढलं, पट्टीवरून हळूहळू फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अप्पा कोपऱ्यात पेपर वाचतायत, पेपर उलटा. आणि हयवदनरावांनी भिंग खाली ठेवलं, पट्टीवरून बोट फिरवलं, असं नातवाच्या गालावरून फिरवतात ना, तसं, आणि डोळ्यांत पाणी हो त्या माणसाच्या! "आहे. तस्संच आहे. कोणी हात लावला नाही."

आणि अप्पांच्या खळीवरून बोट फिरवतोय तो!

नाही सहन झालं मला. मी एकदम उभा राहिलो आणि ओरडलो, "सर, नेऊ नका! आत कॉम्प्युटर नाही! आत कौलं आहेत! मंगळुरी!"

हयवदनरावांनी माझ्याकडे बघितलं. आणि हसायला लागले. "माहिताय की! मीच घातलीत ती!"

...तुम्ही? "मग! होसकोट्याच्या कारखान्यात पॅकिंगला मीच होतो ना स्वामी! दुकानाच्या काचेत मांडायला डबे लागायचे, त्यांत खरी मशीन कोण घालील? वजनाला कौलं घालायचो, बरोब्बर वजन यायचं. आता तुम्हीच विचार करा. ज्याने त्रिवेणी विकत घेतली त्याने घरी नेऊन उघडलीच की नाही? कॉम्प्युटर काय बघत बसायला आणतात? आजपर्यंत उघडल्याशिवाय राहिला तो डबा कौलांचाच!" तुम्हाला सांगतो, माझ्या छातीवरचं ओझं असं उतरलं! म्हटलं, मग सर, तुम्ही एवढी बोली लावून... कशासाठी? तर म्हातारा जरा लाजला. "ही पट्टी. या हाताने लावलेली. कारखाना गेला, मशीन भंगारात गेली, माझ्या हातचं म्हणून कुठे काही उरलं नाही. हे एक दिसलं. कौलं राहू दे आत, मज काय त्याचं!"

देवा! म्हणजे कौलं चालतात! डबा चालतो! तिन्ही जाणार, खोली मोकळी, आणि मी खरं बोलूनसुद्धा! मी वळून अप्पांकडे बघितलं, विजयी मुद्रेने, आणि मागून हयवदनरावांचा आवाज आला. हळू. "पण स्वामी... आत कौलं आहेत हे तुम्हाला कसं कळलं?"

...

सांगा! काय सांगणार होतात तुम्ही माझ्या जागी असता तर? मी वास घेतला म्हणून सांगू?

म्हातारा पुन्हा पट्टीवर वाकला. या वेळी भिंग न लावता, नुसत्या नखाने कडा चाचपली, नखाला लागलेला निळसर कण बघितला. "मोरचूद," म्हणाला. "आम्ही मोरचूद कधी घातला नाही." अप्पांनी पेपर खाली ठेवला, म्हणाले, "मी लावलं ते. वाळवी लागू नये म्हणून." त्या डब्यात खरी अशी एकच गोष्ट होती, आणि ती आम्ही वाफ देऊन सोडवली होती. मला इतकं वाईट वाटलं, इतकं! हयवदनरावांनी चादरीची परत घडी घातली. "हात चांगला आहे तुमचा," अप्पांना म्हणाले. "पण माझा नव्हे."

म्हटलं सर, उरलेले दोन? ते कुणी उघडले नाहीत, आईशप्पथ! बघितले त्यांनी. एका नजरेत मान हलवली. "हे आमच्या शिवाप्पाचं काम. पट्टी वाकडी बघा. मज नको." बरं, पण मग यांतही कौलंच ना? तर तो माणूस विचार करून म्हणतो, "सांगता येत नाही. शिवाप्पाला विसर फार. कधी काचेतल्या डब्यात खरी मशीन जायची, कधी गिऱ्हाइकाच्या घरी कौलं. गोत्तिल्ला."

गोत्तिल्ला! म्हणजे माहीत नाही! एवढं बोलून ते आपटा देऊन, सोनं घ्या म्हणून निघून गेले. आणि तेव्हा, तेव्हा अप्पा माझ्या खांद्यावर हात ठेवून काय म्हणाले माहितीये? "बरं केलंत जावईबापू. खरं बोललात." तीन वर्षं वाट बघितलेलं वाक्य! डोळे भरून आले हो माझे. आणि लगेच पुढे, "अजून एक मिनिट गप्प बसला असतात तर माझी खळ पास झाली होती."

आता अप्पा-अम्मा त्या खोलीत राहतात. कौलं तुळशीजवळ आहेत, पुजलेली म्हणून अम्मा टाकू देत नाहीत. हयवदनराव दर गुरुवारी कॉफीला येतात, दोघं म्हातारे खळीत मोरचूद घालावा की नाही यावर दोन-दोन तास भांडतात, माझ्याशी कुणी बोलत नाही. आणि शिवाप्पाचे दोन डबे कपाटावर. लिलावात काढायची माझी छाती होत नाही. रोज सकाळी अप्पा चहाचा कप घेऊन वर बघतात. "जावईबापू, एकदा बघून तर टाकू? वाफ देतो, कळणारसुद्धा नाही." सिद्धी म्हणते बघून टाक, आई पुण्याहून म्हणते बघून टाक, आणि मी काय म्हणतो? अहो, उघडला तर कौल. नाही उघडला तर कॉम्प्युटर. मग शहाण्या माणसाला काय परवडतं, तुम्हीच सांगा...

डबा उघडायचा नाही!